नळदुर्गचा पूल आणि सुंदरलाल अहवाल

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं. पहिली गाठ नळदुर्गला पडली. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या फौजेने उडवला असता तर हैदराबादची वाट तिथेच अडली असती. पण तुकडी अचानक येऊन थडकली आणि पूल शाबूत हाती आला. आदल्या संध्याकाळी सोलापूरच्या एखाद्या वार्ताहराने तारीख, रस्ता आणि पूल या तीन गोष्टी छापल्या असत्या, तर त्याची बाजू घ्यायला कुणी उभं राहिलं नसतं. १७ तारखेला निजाम शरण आला आणि त्या तिन्ही गोष्टी उघड बोलायच्या झाल्या. हे गुपित जेमतेम पाच दिवसांचं होतं.

नळदुर्ग ज्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याशी संबंध असलेलं दुसरं गुपित चाळीस वर्षं टिकलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे या लष्करी कारवाईनंतर, हैदराबाद संस्थानात जो हिंसाचार झाला, त्याची माहिती घ्यायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. १९४८ च्या नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, मरणारे बहुतांश मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा. सरदार पटेलांनी हा अहवाल मान्य केला नाही. तो प्रसिद्धही झाला नाही. १९८८ मध्ये ओमर खालिदी यांनी त्यातले उतारे छापले आणि २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांनी तो पूर्ण प्रसिद्ध केला. समितीतले काझी अब्दुल गफार स्वतः ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संपादक. संपादकानेच लिहिलेला मजकूर सरकारी कपाटात पडून राहावा, हा योगही विलक्षणच.

निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी त्याआधी गावोगाव जे केलं ते आपल्याकडे घराघरांत सांगितलं जातं, दरवर्षी १७ सप्टेंबरला भाषणांतून ऐकायला मिळतं. नंतरचं मात्र दबक्या आवाजात. अहवालातून सैन्याचं एकही ठाणं शत्रूला कळलं नसतं. तरीही १९४९ च्या सुरुवातीला तो दाबण्यामागचं कारण अगदीच पोकळ नव्हतं. काश्मीरचा आणि हैदराबादचा, दोन्ही प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे होते, गावं धुमसत होती. त्या हिवाळ्यात तो माझ्या टेबलावर आला असता तर गावांची आणि साक्षीदारांची नावं मागे ठेवून मी बातमी दिली असती. १९६० मध्ये तेवढंही मागे ठेवायचं कारण मला दिसत नाही. गुपिताला मुदत असते, आणि ती संपली की नाही हे कागद दडवणाऱ्यालाच ठरवू द्यायचं का, हा खरा वाद आहे.

सत्तेचं गुपित म्हणजे काय, हे इथल्या पत्रकारितेला निजामानेच शिकवलं. ‘गश्ती निशान ५३’ या त्याच्या सरकारी हुकुमाने परवानगीशिवाय सभा घ्यायची सोय ठेवली नव्हती. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे वृत्तपत्र सुरू केलं. बंदी आली की पत्र नवं नाव घेऊन निघायचं. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू घेतली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. अशा मुलखात ‘राज्याच्या सुरक्षेसाठी गप्प बसा’ हे वाक्य ऐकलं की जुनी माणसं सावध व्हायची, यात नवल नाही.

ब्रिटिश मुलखात चित्र फारसं वेगळं नव्हतं. १८८९ मध्ये ‘अमृत बाजार पत्रिके’ने काश्मीरविषयीचा परराष्ट्र खात्याचा गोपनीय मजकूर छापला आणि त्याच महिन्यात गोपनीयतेचा कायदा मंजूर झाला. १९०४ मध्ये कर्झनने तो कडक केला. लष्करी कागदांबरोबर मुलकी कागदही त्यात ओढायचा बेत होता, आणि गोखल्यांनी कायदेमंडळात त्याला विरोध केला. आजचा शासकीय गुपिते कायदा १९२३ चा. त्याच्या कलम ५ मध्ये गुपित फोडणाऱ्याइतकाच ते घेणाराही सापडतो, म्हणजे बातमीदारही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करायला सांगितलं. तो अजून जागेवर आहे.

त्याचा वापर कसा होतो हे इफ्तिखार गिलानी यांच्या प्रकरणात दिसलं. जून २००२ मध्ये त्यांना अटक झाली. संगणकात सापडलेला ‘गुप्त’ मजकूर पाकिस्तानातल्या एका संस्थेने उघडपणे प्रसिद्ध केलेला होता, तरी तिहारमध्ये सात महिने गेले. शंतनू सैकिया यांनी निर्गुंतवणुकीबाबतची मंत्रिमंडळाची टिप्पणी छापली होती. दिल्लीच्या न्यायालयाने २००९ मध्ये त्यांना आरोपमुक्त केलं. कागदावर ‘गोपनीय’ लिहिलं एवढ्याने गुन्हा होत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. राफेल विमानखरेदीच्या वादात सरकारने आधी कागद चोरीला गेल्याचं सांगितलं, पण एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते विचारात घेण्यावरचा आक्षेप फेटाळला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) मध्येही जनहित भारी ठरलं तर गुपित उघड करण्याची वाट आहे.

अमेरिकेतल्या पेंटॅगॉन पेपर्सची गोष्ट सांगताना १९७१ चा वर्तमानपत्रांच्या बाजूने लागलेला ६ विरुद्ध ३ असा निकाल सगळे सांगतात. मला त्यातला दुसराच तपशील मोलाचा वाटतो. डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाचा तो प्रचंड दस्तऐवज वर्तमानपत्राला देताना वाटाघाटींविषयीचे चार खंड स्वतःकडेच ठेवले. चालू असलेली बोलणी मोडू नयेत म्हणून. काय छापायचं नाही हे कोर्टाने सांगण्याआधीच त्यांनी ठरवलं होतं.

जिल्ह्याच्या बातमीदाराला राफेलचा कागद कोण देणार? त्याच्या हाती पडतं ते दुसऱ्या प्रकारचं फुटलेलं गुपित. मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) औरंगाबाद शस्त्रसाठा पकडला: आरडीएक्स, एके-४७. पुढे त्यात शिक्षाही झाल्या. पण अशा प्रत्येक तपासात ‘सूत्रांनी सांगितले’ म्हणून कोठडीतली कबुली, आरोपीच्या भावाचं दुकान, गल्लीचं नाव पहिल्या पानावर येतं. हे गुपित यंत्रणाच फोडते, तिला हवं तेवढं आणि हवं तेव्हा. फोडणाऱ्याला कलम ५ आठवत नाही, छापणाऱ्यालाही नाही. २००६ च्या मालेगाव स्फोटात आधी पकडलेल्यांना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केलं. तोवर त्यांची नावं दहा वर्षं कात्रणांत होती. सरकारविरुद्धचा कागद छापताना आम्ही वकिलाला विचारतो, सरकारने दिलेला छापताना डेडलाइन पाहतो. ही खोड मला कायद्याच्या भीतीहून जास्त घातक वाटते.

वेळेचं भान सुटलं की काय होतं, ते २६/११ ला देशाने पाहिलं. कारवाईचं थेट प्रक्षेपण पाहून पलीकडून अतिरेक्यांना फोनवर सूचना दिल्या जात होत्या. ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना खडसावलं. २०१५ मध्ये केबल नियमांत बदल होऊन अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पुन्हा तशीच सूचना निघाली. त्या आठवड्यात रजेवर आलेल्या जवानांना परतण्याचे आदेश आले आणि गावोगावच्या निरोपाच्या बातम्या तालुका प्रतिनिधींकडून डेस्कवर येऊ लागल्या. अशा बातमीत जवानाचं नाव, गाव, आईच्या हातचं औक्षण ठेवायला हरकत नाही. युनिट, गाडीचा नंबर आणि ‘अमुक सेक्टरला रवाना’ हे शब्द कापायचे. आणि फोटोत खांद्यावरचा बिल्ला वाचता येत असेल तर दुसरा फोटो मागवायचा.