‘.गिटइग्नोअर’मध्ये नाव लिहिल्याने कमिट झालेला पासवर्ड नाहीसा होत नाही

डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआय की (बाहेरच्या सेवेत प्रवेश देणारी गुप्त किल्ली) असलेली ‘.एन्व्ह’ ही सेटिंगची फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात, चुकून कमिट झाली (इतिहासात नोंदली गेली), तर तिचे नाव ‘.गिटइग्नोअर’मध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, लिहावे म्हणजे प्रश्न मिटतो, असा सल्ला वेब डेव्हलपरांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही. ‘.गिटइग्नोअर’चे नियम गिटच्या नोंदीत अद्याप न आलेल्या फाइलींनाच लागू होतात. एकदा नोंदीत आलेल्या फाइलीतील प्रत्येक बदल, यादीत तिचे नाव असूनही, ‘गिट स्टेटस’मध्ये दिसत राहतो. ‘गिट आरएम --कॅश्ड .एन्व्ह’ ही आज्ञा देऊन कमिट केले, की फाइल आपल्या संगणकावर राहते आणि गिट तिच्यावर लक्ष ठेवणे थांबवते. मात्र तो कमिट पुल करणाऱ्या (आपल्या संगणकावर ओढून घेणाऱ्या) सहकाऱ्यांकडील प्रत पुसली जाऊ शकते, याची कल्पना त्यांना आधीच द्यावी.

एवढे करूनही मूळ धोका टळत नाही. जुन्या कमिटमध्ये पासवर्ड जसाच्या तसा असतो आणि ‘गिट लॉग -पी -- .एन्व्ह’ या एका आज्ञेने तो कोणालाही वाचता येतो. ‘गिट फिल्टर-रेपो’ने इतिहास नव्याने लिहिता येतो, परंतु आधीच घेतलेल्या क्लोनपर्यंत आणि फोर्कपर्यंत (प्रकल्पाच्या इतरांकडील प्रतींपर्यंत) ती दुरुस्ती पोहोचत नाही. म्हणूनच रिपॉझिटरी (इतिहासासह प्रकल्पाचा साठा) इतरांच्या हाती गेली असेल, तर सर्वप्रथम ती की रद्द करून नवी घ्यावी. इतिहासाची सफाई त्यानंतर. नव्या प्रकल्पात पहिल्या कमिटपूर्वीच ‘.गिटइग्नोअर’ तयार करावी, आणि एखादी फाइल नेमक्या कोणत्या नियमामुळे वगळली जाते हे ‘गिट चेक-इग्नोअर -व्ही’ने तपासावे.