डबीबंद नाणं लाखात जातं?

सांगलीत गणपती पेठेतल्या टपरीवर परवा पुन्हा तेच कानावर आलं: वैष्णोदेवीचं 2012 चं पाच रुपयांचं कोरं नाणं ग्रेडिंग करून घ्या (म्हणजे तपासून, गुण देऊन डबीत सीलबंद), लाखात जातं. नाही हो, जात नाही.

ग्रेड म्हणजे नाण्याच्या अवस्थेला दिलेले गुण, शेल्डन श्रेणीत 1 ते 70. दुर्मीळपणाशी त्याचा संबंध नाही. कोरी नाणी 60 पासून पुढे. पण न वापरलेलं म्हणजे निर्दोष नव्हे. माझ्याकडचं एक भिंगाखाली धरलं, तर सिंहांच्या मुद्रेशेजारी बारीक ओरखडे! टांकसाळीतून निघाल्यावर पोत्यात नाणी एकमेकांवर आपटतात, त्याचे. सत्तर गुणांना पाचपट भिंगाखालीही असं काही दिसता कामा नये.

बरं, मिळालेही सत्तर, तरी घेणार कोण? नाणी ढिगानं पडलीत, आणि ग्रेडिंगचं शुल्कच नाण्याच्या कितीतरी पट. टांकसाळीतच ठसा चुकलेलं नाणं असेल तर गोष्ट वेगळी.

'रिझर्व्ह बँकेमार्फत विकून देतो, आधी कमिशन भरा' म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या. असल्या व्यवहारांत आपण नाही, हे बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय.