सहा आर्म की दोनच?

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात रॅम्पवर चढवलेली सेडान बघितली. मागचा टायर बाहेरून जवळजवळ नवा, पण आतल्या कडेला हात फिरवला तर तारा टोचत होत्या. मालक पंचविशीतला. लोअरिंग स्प्रिंग टाकून त्यानं गाडी दीड इंच खाली बसवली होती, आणि आता मागच्या सस्पेन्शनचे ॲडजस्टेबल आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे, लांबी बदलता येणारे दांडे, मोबाइलवर दाखवत होता. सहाचा सेट, झगझगीत निळा. मिस्त्री म्हणाले, "भावा, आधी अलाइनमेंटचा कागद बघू. मग काय मागवायचं ते मागव."

चाकांचे कोन मोजलेल्या त्या कागदावर कॅम्बर होता उणे २.६ अंश, आणि मागची दोन्ही चाकं प्रत्येकी ०.२ अंश बाहेर तोंड करून.

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल. मल्टिलिंक सस्पेन्शनमध्ये, म्हणजे एकेका चाकाला अनेक आर्म असतात तिथे, वरचा आर्म सहसा खालच्यापेक्षा आखूड असतो. बॉडी खाली आली की तो लहान वर्तुळात फिरतो आणि चाकाचा माथा आत ओढतो. हे सगळंच वाईट नाही. वळणावर बॉडी कलते तेव्हा बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट टेकावं म्हणून थोडा उणे कॅम्बर मुद्दाम ठेवतात.

खरा चोर टो, म्हणजे वरून बघताना चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं. ०.२ अंश ऐकायला काहीच नाही, पण हिशेब करून बघा: एवढं तिरकं चाक दर किलोमीटरला साधारण साडेतीन मीटर आडवं घासतं. कोल्हापूर ते पुणे २३० किलोमीटर धरले, तर आठशे मीटर टायर नुसता फरफटत जातो. कॅम्बरनं वजन आतल्या कडेवर टाकलं, टोनं तीच कड घासली. शिवाय मागची चाकं बाहेर तोंड करून असली की करूळ घाट उतरताना ब्रेकवर गाडीचं शेपूट हलकं होतं.

आता टो जुळवायला बऱ्याच मल्टिलिंक गाड्यांत कंपनीनंच कॅम बोल्ट (फिरवला की आर्म थोडा सरकवणारा बोल्ट) दिलेला असतो. कॅम्बरला तशी सोय अनेकदा नसते. म्हणजे या पोराला फक्त कॅम्बर आर्मची एक जोडी हवी होती. उरलेले चार शोभेचे. (स्विफ्ट किंवा पोलोवाल्यांनी तर हा विषयच सोडावा. त्यांच्या मागे एकसंध टॉर्शन बीम असतो, जुळवायला फार तर चाकाचा हब आणि बीममध्ये शिम, म्हणजे पातळ चकती, घालता येते.)

कंपनीचा फिक्स आर्म, ज्याची लांबी बदलत नाही, म्हणजे कंजुषी, असं पोरांना वाटतं. मला हे पटत नाही. त्याच्या टोकाचा रबरी बुश किती दबावा, कुठल्या दिशेला दबावा, हे ठरवलेलं असतं. १९७७ साली आलेल्या पोर्श ९२८ च्या मागच्या सस्पेन्शनची रचनाच अशी होती की वळणात ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला की चाक आपोआप किंचित आत वळावं आणि गाडी स्थिर राहावी. अशा ठिकाणी रबर काढून लोखंडी बॉल जॉइंट बसवला की ती हुशारी गेली, वर खडखडाट आला. गाडीची उंची मूळचीच असेल आणि फक्त मजबुती हवी असेल, तर फिक्स आर्मच बरा. ट्रॅकवर टायर बदलला की कॅम्बर बदलणाऱ्याची गोष्ट वेगळी.

ॲडजस्टेबल आर्मची युक्ती साधी आहे: एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. मधली नळी फिरवली की लांबी बदलते. आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात तीन मिलिमीटर. पण नळी जागेवर घट्ट धरणारा चेकनट ढिला पडला की सेटिंग गेलंच. गगनबावड्याकडच्या पावसात तांबडा चिखल आट्यांत बसतो, तेव्हा ग्रीस आणि वर रबरी टोपी हवीच.

पोरानं शेवटी दोनच आर्म मागवले. बसवताना तो चाकं लोंबत असतानाच बुशचे बोल्ट आवळायला निघाला. मिस्त्रींनी पाना काढून घेतला. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी रॅम्पवर चारही चाकांवर टेकवली, दोनदा दाबून बसवली, मग म्हणाले, "हां, आता आवळ."