थायलंडमधील वैद्यकीय व स्वास्थ्य पर्यटन

रुग्णालयातील उपचार आणि मालिश, वनौषधी, पथ्याहार, विश्रांती यांसारखे स्वास्थ्योपचार एकाच प्रवासात घेता येतील, अशी सोय थायलंडने आपल्या पर्यटन उद्योगात करून ठेवली आहे. दातांच्या किंवा सांध्यांच्या उपचारांसाठी बँकॉकला आलेला परदेशी रुग्ण पुढचे काही दिवस हुआ हिन किंवा फुकेतच्या किनाऱ्यावर घालवतो. हुआ हिनमधील 'चिवा-सोम' हे स्वास्थ्यकेंद्र १९९५ पासून चालू आहे.

यातला स्वास्थ्योपचारांचा धागा फार जुना आहे. राजा तिसरा राम (कारकीर्द १८२४–५१) याने बँकॉकच्या वाट पो या बौद्ध मंदिराचा जीर्णोद्धार करताना औषधयोग आणि मालिशीत दाबायच्या शरीररेषांच्या आकृत्या शिळांवर कोरून घेतल्या. घराण्याघराण्यांत राखलेली विद्या त्यामुळे भिंतीवर सर्वांसमोर आली. या राजाचे हे काम खरोखर मोठे. या शिलालेखांना २०११ मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत स्थान मिळाले. मंदिराच्या आवारात अंगाला ताण देणाऱ्या तपस्व्यांचे पुतळे आहेत. थाई भाषेत त्यांना 'रुसी' म्हणतात, म्हणजे आपले ऋषीच. थाई वैद्यकाचा आद्यगुरू मानला जाणारा जीवक हाही मगधातला, बुद्धकालीन वैद्य. आजही अनेक मालिशकार कामाला बसण्यापूर्वी त्याला वंदन करतात. १९५५ मध्ये वाट पो येथे पारंपरिक वैद्यकाची शाळा निघाली. 'नुआद थाई' म्हणजेच थाई मालिश २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

रुग्णालयांची कथा वेगळी आहे, आणि ती संकटातून सुरू होते. तेजीच्या काळात बँकॉकमध्ये मोठमोठी खाजगी रुग्णालये कर्ज काढून बांधली गेली. जुलै १९९७ मध्ये बाट हे चलन कोसळले. परकीय चलनातले कर्ज फुगले आणि स्थानिक मध्यमवर्गाला ही रुग्णालये परवडेनाशी झाली. खाटा रिकाम्या राहू लागल्या. परदेशी माणसाला मात्र तेच उपचार एकाएकी स्वस्त झाले. १९८० मध्ये सुरू झालेल्या बुमरुंगराद रुग्णालयाला २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. आशियातले ते पहिले. आखाती देशांतील रुग्ण वाढले, तसे अरबी दुभाषे आणि हलाल स्वयंपाकघरही आले.

पुढे सरकारने 'आशियाचे वैद्यकीय केंद्र' होण्याचे धोरण स्वीकारून दोन्ही धागे एकत्र विणले. प्राचिनबुरी येथील चाओ फ्राया अफायफुबेत हे सरकारी रुग्णालय वनौषधी आणि त्यांपासून बनवलेल्या उत्पादनांसाठी नावाजले आहे. परंपरा केवळ पंचतारांकित हॉटेलांतच टिकते असे नाही, याचा हा चांगला दाखला.

या उद्योगाने काही कठीण प्रश्नही उभे केले. परदेशी जोडप्यांसाठी चालणाऱ्या व्यापारी सरोगसीतून २०१४ मध्ये गंभीर प्रकरणे उघडकीस आली आणि २०१५ च्या कायद्याने अशी सरोगसी बंद झाली. डॉक्टरांचा प्रश्न याहून खोल आहे. २००१ पासून देशात ३० बाटमध्ये उपचारांची योजना लागू झाली आणि सरकारी रुग्णालयांत गर्दी वाढली. नेमके त्याच सुमारास खाजगी रुग्णालये जास्त पगार देऊन अनुभवी डॉक्टर ओढून घेऊ लागली. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरला ३ वर्षे सरकारी सेवा करावी लागते. ती टाळल्यास दंड ४ लाख बाट. बँकॉकमधल्या खाजगी पगारापुढे ही रक्कम अनेकांना जड वाटत नाही आणि ईशान्येकडील इसानसारख्या गरीब भागातली जागा रिकामी होते.