अनोळखी गेम बॉय कार्ट्रिज: लेबलपेक्षा कुलूप जास्त बोलतं

हातात धरायच्या खेळयंत्रात कार्ट्रिज (खेळ साठवलेली, यंत्रात खोचायची डबी) बदलण्याची सोय १९७९ मध्ये मायक्रोव्हिजनने आणली. त्यात प्रोसेसरसुद्धा कार्ट्रिजमध्येच असे. पण लेबल उडालेलं, नाव नसलेलं कार्ट्रिज हाती येतं ते बहुतेक वेळा निन्टेंडो कंपनीच्या १९८९ च्या गेम बॉयचं किंवा त्याच्या भाऊबंदांचं, आणि ते ओळखायचं तर त्या यंत्रातल्या एका वादग्रस्त निर्णयापाशी यावं लागतं.

गेम बॉयच्या प्रत्येक कार्ट्रिजमध्ये कंपनीचं बोधचिन्ह ४८ बाइटांत साठवलेलं असतं. यंत्र सुरू होताच ते आधी पडद्यावर उतरवतं, मग स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतं. जुळलं नाही तर तिथेच थांबतं. तांत्रिकदृष्ट्या हे कुलूप फुटकळच. खरी मेख कायद्याची होती: खेळ चालवायचा तर चिन्हाची नक्कल करावीच लागे, आणि नक्कल केली की ट्रेडमार्कचा दावा तयार. हा सापळाच होता, सुरक्षा नव्हे. दुसऱ्या एका कंपनीच्या घरगुती कन्सोलवरच्या अशाच युक्तीबद्दल अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने १९९२ मध्ये निकाल दिला, तो कुलूप लावणाऱ्याच्या विरोधात.

विनापरवाना कार्ट्रिजवाल्यांनी मात्र निकालाआधीच पळवाट काढली असो वा नंतर, ती भन्नाट होती. यंत्र चिन्ह दोनदा वाचतं. मग पहिल्यांदा आपलं चिन्ह पुढे करायचं आणि तपासणीच्या वेळी खरं. त्यामुळे पडद्यावर भलतंच चिन्ह येऊनही खेळ सुरू झाला, तर कार्ट्रिज बिघडलेलं नाही, विनापरवाना आहे. चिन्ह विस्कटलं आणि यंत्र अडकलं, तर आधी कार्ट्रिजच्या धातूच्या संपर्कपट्ट्या पुसाव्यात. नुसता काळा पट्टा दिसला, तर यंत्राला कार्ट्रिज वाचताच आलेलं नाही.

चिन्हाच्या मागोमाग खेळाचं नाव असतं, रोमन अक्षरांत. त्याला सुरुवातीला १६ अक्षरांची जागा होती. रंगीत यंत्र आल्यावर ती आक्रसली, म्हणून नावं तुटक दिसतात. त्याच काळात कवचही बोलकं झालं: दोन्ही यंत्रांवर चालणारी कार्ट्रिज साधारणपणे काळी, फक्त रंगीत यंत्रासाठीची पारदर्शक. पारदर्शक कवचाला कोपऱ्यातली खाच नसते, त्यामुळे मूळ गेम बॉयचं चालू करायचं बटण सरकतच नाही.

आता कार्ट्रिजमधला मजकूर संगणकावर उतरवून चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवता येतो. पण हल्लीच्या नकला मूळ मजकूर जसाच्या तसा उचलतात. चिन्ह, नाव, चेकसम सगळं बरोबर. तेव्हा ३.८ मिमीच्या गेमबिटने (अशा कवचांच्या खास स्क्रूंसाठीच्या पेचकसाने) कवच उघडावं. नव्वदच्या दशकातल्या खेळात फ्लॅश चिप (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी) निघाली, तर ते कार्ट्रिज जवळजवळ नक्कीच कारखान्यातून आलेलं मूळ नव्हे. जुन्या चिपवर बहुधा चार आकडी तारीख असते, आधी वर्ष, मग आठवडा. लेबलवरचं साल स्वामित्वहक्काचं (कॉपीराइटचं) असतं, उत्पादनाचं नव्हे. दोन्हींत काही वर्षांचं अंतर पडलं तरी कार्ट्रिज खरं असू शकतं.