धर्मगुरूंकडून होणारे लैंगिक अत्याचार : पीडितांसाठी भारतातील कायदेशीर मार्ग

पुजारी, महाराज, बाबा, मौलवी, पाद्री, मठाधिपती किंवा आश्रमप्रमुख यांनी आपल्या धार्मिक स्थानाचा वापर करून भक्ताचे, शिष्याचे, विद्यार्थ्याचे अथवा संस्थेत राहणाऱ्या व्यक्तीचे लैंगिक शोषण केले, तर पीडित व्यक्तीला कायद्याने कुठे आणि कशी दाद मागता येते, याचा आढावा या नोंदीत घेतला आहे. भारतीय कायद्यात धर्मगुरूला कोणतीही सूट नाही. उलट, विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेणाऱ्याला जास्त कडक शिक्षा सांगितली आहे.

या गुन्ह्यातला आरोपी सहसा अनोळखी नसतो. त्याचा फोटो घरच्या देवघरात असतो, मुलांची नावे आणि घरातली लग्ने त्याला विचारून ठरलेली असतात. त्यामुळे तक्रार करणाऱ्या मुलीला किंवा मुलाला आरोपीच्या आधी स्वतःच्या घराशी आणि समाजाशी झगडावे लागते. कायद्याच्या तरतुदी वाचताना हे लक्षात ठेवावे लागते, कारण त्यातल्या बऱ्याच तरतुदी याच अडचणीवर उपाय म्हणून आल्या आहेत.

विश्वासाचे स्थान आणि संमतीचा प्रश्न

अशा खटल्यांत बचाव पक्षाचा नेहमीचा युक्तिवाद असतो की ती स्वतःहून आश्रमात येत होती आणि जे घडले ते संमतीने घडले. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत या युक्तिवादाला कायद्यात तीन ठिकाणी उत्तर आहे.

पहिले उत्तर बलात्काराच्या कलमातच आहे. स्त्रीच्या संदर्भात विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावर असलेल्या पुरुषाने बलात्कार केल्यास किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. भारतीय दंड संहितेत २०१३ च्या दुरुस्तीने हे कलम ३७६(२)(फ) म्हणून आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ६४(२)(फ) आहे. दुसरे उत्तर पुराव्याच्या कायद्यात आहे. या पोटकलमाखालच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरते. ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मधली ही तरतूद मुळात १९८३ साली आली. तिच्यामागे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडल्यावर देशभर उसळलेला स्त्रियांचा संताप होता. कोठडीसाठी मिळवलेले हे संरक्षण आज मठ-आश्रमातल्या स्त्रीच्याही उपयोगी पडते. तिसरे उत्तर न्याय संहितेच्या कलम ६८ मध्ये आहे. बलात्काराची व्याख्या लागू झाली नाही, तरी अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या स्थानाचा गैरवापर करून आपल्या ताब्यातील, देखरेखीखालील किंवा आवारातील स्त्रीला शरीरसंबंधास प्रवृत्त करणे हाच मुळी गुन्हा आहे. त्याला ५ ते १० वर्षांची शिक्षा आहे.

घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल, तर गुन्हा जुन्या दंड संहितेखालीच नोंदला जातो.

मुले आणि कळवण्याची सक्ती

पीडित १८ वर्षांखालील असेल, तर संमतीचा मुद्दाच उरत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखे संरक्षण देतो. धार्मिक किंवा शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील व्यक्तीने त्या संस्थेतल्या मुलावर अत्याचार केल्यास तो ‘गंभीर स्वरूपाचा’ गुन्हा ठरतो. लैंगिक प्रवेश झाला असल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा २० वर्षांची आहे आणि ती फाशीपर्यंत जाऊ शकते. मुंबईत २०१५ मध्ये १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार करणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूला विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये जन्मठेप दिली.

याच कायद्याचे कलम १९ फारसे माहीत नाही, पण धार्मिक संस्थांच्या दृष्टीने ते सर्वात महत्त्वाचे आहे. मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, त्या प्रत्येकाने ते पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. आईवडील, शिक्षक, डॉक्टर, विश्वस्त, बिशप, मदरशाचे मोहतमीम (प्रमुख), गुरुकुलाचे आचार्य, कोणीही याला अपवाद नाही. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास ती वर्षभरापर्यंत जाऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही.

चर्चमधल्या पापनिवेदनाच्या गोपनीयतेचा प्रश्न इथे येतो. पापनिवेदनात धर्मगुरूला सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचा धार्मिक नियम कॅथलिक चर्चमध्ये अत्यंत कडक आहे. भारताच्या पुराव्याच्या कायद्याने वकील-अशील संवादाला संरक्षण दिले आहे, धर्मगुरू आणि भाविक यांच्या संवादाला दिलेले नाही.

अनेक कुटुंबे आधी संस्थेच्याच वरिष्ठांकडे जातात. हे स्वाभाविक आहे, पण त्यात धोका आहे. चौकशी समिती नेमली जाते, आरोपीची दुसऱ्या गावी बदली होते, महिने निघून जातात आणि वैद्यकीय पुरावा नष्ट होतो. कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्यात आता तक्रारीची व्यवस्था आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरू व नन यांना अत्याचाराची माहिती वरिष्ठांना देणे बंधनकारक केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात अशा प्रकरणांवरची ‘पोपची गोपनीयता’ (चर्चमधली माहिती बाहेर न देण्याचा नियम) उठवली. या व्यवस्थेतून धर्मगुरूचे पद जाऊ शकते, पण त्याला तुरुंगात पाठवण्याचा अधिकार फक्त राज्यसंस्थेकडे आहे. म्हणून पोलीस ठाणे आधी, संस्थेचे कार्यालय नंतर, हाच क्रम पीडितेच्या हिताचा आहे.

गुन्हा नोंदवताना

ज्या गावात अत्याचार झाला तिथल्या ठाण्यात जाणे बहुतेकांना अशक्य असते, कारण तिथे संस्थेचा दबदबा असतो. त्यासाठी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची सोय आहे. देशातल्या कोणत्याही ठाण्यात फिर्याद द्यावी, तिथून ती संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. आसाराम याच्याविरुद्धचा पहिला गुन्हा असाच नोंदला गेला. घटना जोधपूरजवळच्या आश्रमातली होती, तक्रार ऑगस्ट २०१३ मध्ये दिल्लीत दिली गेली. जोधपूरच्या न्यायालयाने त्याला २५ एप्रिल २०१८ रोजी जन्मठेप सुनावली.

लैंगिक गुन्ह्याची फिर्याद घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसाला स्वतःला ६ महिने ते २ वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. तरीही टाळाटाळ झाली, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३(४) आणि १७५(३) खाली ही सोय आहे. स्त्रीचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता घ्यायचा असतो आणि त्याला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर विनाशुल्क उपचार करायचे असतात. ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आहे. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे मदत क्रमांक आहेत.

पीडितेचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील छापणे गुन्हा आहे. भक्तांच्या व्हॉट्सअॅप गटात तिचे नाव आणि फोटो फिरवणाऱ्यांविरुद्धही याच आधारे तक्रार करता येते.

उशीर झाला तर

‘इतक्या वर्षांनी आता काय उपयोग?’ हा प्रश्न पीडितांना घरात आणि बाहेर सतत ऐकावा लागतो. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना भारतात मुदतीची मर्यादा नाही. बलात्कार आणि पॉक्सोखालचे गंभीर गुन्हे त्यात येतात. बालपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार प्रौढपणीही करता येते. मात्र गुन्हा घडला त्या वेळचा कायदा लागू होतो, म्हणजे २०१२ पूर्वीच्या घटनेला पॉक्सो लागत नाही. पॉक्सो येण्यापूर्वी मुलग्यांवरच्या अत्याचारासाठी मुख्यतः दंड संहितेचे कलम ३७७ वापरले जाई.

आसारामविरुद्धचा दुसरा खटला २००१ ते २००६ या काळातल्या अत्याचारांचा होता. तक्रार २०१३ मध्ये झाली आणि गांधीनगरच्या न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये जन्मठेप दिली. डेरा सच्चा सौदाचे प्रकरण एका निनावी पत्रापासून सुरू झाले. एका साध्वीने २००२ मध्ये पंतप्रधान आणि पंजाब-हरियाणा उच्च न्यायालय यांना ते लिहिले होते. न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सीबीआय तपास लावला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये डेराप्रमुख गुरमीत राम रहीम याला दोन शिष्यांवरील बलात्कारांसाठी प्रत्येकी १० वर्षांची, एकामागून एक भोगायची शिक्षा झाली. पत्र पाठवणाऱ्या स्त्रीकडे नाव सांगण्याइतकीही सुरक्षितता नव्हती. तिचे पत्र छापणाऱ्या सिरसा येथील पत्रकारावर त्याच वर्षी गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यात त्याचा मृत्यू झाला.

साक्षीदार, दबाव आणि निर्दोष सुटका

आसाराम प्रकरणातल्या साक्षीदारांवर एकामागून एक हल्ले झाले आणि काहींचे खून झाले. त्यातून सर्वोच्च न्यायालयात आलेल्या महेंद्र चावला विरुद्ध भारत सरकार या याचिकेवर डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता मिळाली. जिल्हा पातळीवरच्या सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज केल्यावर धोक्याचा अंदाज घेऊन पोलीस बंदोबस्त, घराला सुरक्षा, तात्पुरते स्थलांतर, अगदी ओळख बदलण्यापर्यंत उपाय करता येतात. पीडिता आणि तिचे कुटुंबीय साक्षीदारच असल्याने त्यांनाही ही योजना लागू होते. अर्ज पहिल्याच आठवड्यात करणे शहाणपणाचे असते.

दबाव धमकीचाच असतो असे नाही. केरळमधील कोट्टियूर येथील प्रकरणात अल्पवयीन मुलगी आणि तिचे आईवडील न्यायालयात फितूर झाले. तरी डीएनए चाचणीच्या आधारे २०१९ मध्ये धर्मगुरू दोषी ठरला. पुढे धर्मगुरू आणि पीडिता यांच्या लग्नासाठी सवलत मागणारे अर्ज झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. अशा गुन्ह्यात तडजोड किंवा लग्न हा कायदेशीर मार्ग नाही.

जालंधरचे तत्कालीन बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध एका ननने आधी चर्चमधील वरिष्ठांकडे आणि जून २०१८ मध्ये पोलिसांकडे तक्रार केली. तिच्या पाच सहकारी नन कोचीच्या रस्त्यावर धरणे धरून बसल्या आणि सप्टेंबरमध्ये बिशपना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने आरोप सिद्ध झाले नाहीत म्हणून त्यांना निर्दोष सोडले. त्या निकालाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात अपील झाले. सुटकेविरुद्ध सरकारची वाट न पाहता स्वतः अपील करण्याचा पीडितेचा हक्क आता कायद्यातच आहे. आरोपीच्या जामिनाला विरोध करण्यासाठी तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील जादा हत्यारे

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि काही दिवसांतच, अठरा वर्षे रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत बुवाबाजीतल्या लैंगिक शोषणाचे दोन नेमके प्रकार दिले आहेत. मागच्या जन्मी तू माझी पत्नी किंवा प्रेयसी होतीस असे सांगून संबंध ठेवणे हा एक. मूल होत नसलेल्या स्त्रीला अलौकिक शक्तीने मातृत्व देण्याचे आश्वासन देऊन संबंध ठेवणे हा दुसरा. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे असून गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. बलात्काराच्या कलमासोबत हे कलम लावायचा आग्रह फिर्यादीने धरावा, कारण त्यामुळे फसवणुकीची सगळी रीत न्यायालयापुढे येते.

देवस्थान किंवा मठ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विश्वस्ताला निलंबित करण्याचा वा काढून टाकण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे.

भरपाई

महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्ज करता येतो, निकालाची वाट पाहावी लागत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारपीडितेसाठी ४ ते ७ लाख रुपये ठरवले आहेत. पॉक्सो न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकते.

हा पैसा सरकारी तिजोरीतून येतो. ज्या संस्थेने डोळेझाक केली तिच्याकडून भरपाई वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो आणि तिथे मुदत आडवी येते. मुदत अधिनियमानुसार अल्पवयीन पीडिताला सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीनच वर्षे मिळतात. एकविसाव्या वर्षी कुणाच्या मनाची एवढी तयारी असते? अमेरिकेत हीच अडचण राज्यांनी जुन्या दाव्यांसाठी ठरावीक काळ दार उघडून सोडवली. न्यूयॉर्कने ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२१ अशी संधी दिली आणि सुमारे ११ हजार दावे दाखल झाले. लॉस एंजेलिसच्या धर्मप्रांताने २०२४ मध्ये ८८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. ऑस्ट्रेलियाने संस्थांमधल्या बाल-अत्याचारांवरच्या राजचौकशी आयोगानंतर २०१८ मध्ये राष्ट्रीय भरपाई योजना आणली. भारतात यांपैकी काहीच झालेले नाही, त्यामुळे इथल्या धार्मिक संस्थांना मूकपणाची किंमत मोजावी लागत नाही.

कायद्यातली पोकळी

सज्ञान पुरुष पीडितांची स्थिती २०२४ नंतर अधिक बिकट झाली आहे. बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री आहे आणि संमतीविना झालेल्या संबंधांसाठी वापरले जाणारे कलम ३७७ न्याय संहितेत घेतलेलेच नाही. मठात किंवा धर्मशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणावर अत्याचार झाला, तर दुखापत, बेकायदा कोंडून ठेवणे, धमकी अशा कलमांवर भागवावे लागते. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे, पण त्यात लैंगिक अत्याचाराची कमाल शिक्षा अवघी २ वर्षे आहे.