मेंदूच्या गाठीतील उपशामक सेवा

मेंदूत गाठ झालेल्या माणसाचा त्रास कमी करणे, समज आणि वाचा शाबूत असेतोवर त्याची इच्छा जाणून घेणे आणि त्याला सांभाळणाऱ्या घराला आधार देणे, या सगळ्याला मिळून उपशामक सेवा म्हणतात. बोलण्यात ‘पॅलिएटिव्ह केअर’ हाच शब्द चालतो. डॉक्टरांनी हात टेकल्यावरच ती सुरू होते हा समज इंदूरच्या मराठी घरांतही पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो यांच्या जोडीनेच ती हवी. मेंदूच्या गाठीत तर पहिल्या दिवसापासून, कारण इथे वाट पाहिली तर बोलायला माणूसच उरत नाही.

प्रौढांच्या मेंदूतील पुष्कळ गाठी फुप्फुस, स्तन अशा दुसऱ्या अवयवातल्या कर्करोगातून पसरून आलेल्या असतात. मेंदूच्या आवरणात वाढणारा मेनिंजिओमा बहुधा सौम्य असतो आणि तो काढल्यावर माणूस वर्षानुवर्षे जगतो. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूतच उगवणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाचे तसे नाही. शस्त्रक्रिया, सहा आठवडे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी घेऊनही निम्मे रुग्ण साधारण सव्वा वर्षाच्या आत दगावतात. वयस्कर किंवा थकलेल्या रुग्णाला रेडिएशनचा तीन आठवड्यांचा छोटा कोर्स देता येतो. देवासहून रोज इंदूरला ये-जा करणाऱ्या, किंवा अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठून परळला खोली शोधणाऱ्या घरासाठी वाचलेले ते तीन आठवडे थोडे नसतात. छोट्या कोर्सबद्दल विचारायला संकोचू नये.

गाठ कपाळामागच्या भागात असेल तर आधी स्वभाव बदलतो. शांत माणूस अंगावर धावून येतो, हौशी माणूस दिवसदिवस भिंतीकडे पाहत बसतो. ‘मुद्दाम करतात’ म्हणून घरचे चिडतात. हे गाठीमुळे होते आहे, एवढे पहिल्याच भेटीत कुणी नीट समजावून सांगितले तर पुढची बरीच भांडणे टळतात.

डाव्या बाजूची गाठ बहुधा वाचेवर येते. इंदूरच्या रामबागेतल्या मराठी माणसाचे आयुष्य दोन भाषांत गेलेले असते : घर मराठीत, बाजार आणि दवाखाना हिंदीत. आधी शिकलेली भाषा शेवटपर्यंत टिकते, असे फ्रेंच विचारवंत रिबो यांचे मत होते. रोजच्या वापरातली टिकते, असे फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी १८९५ मध्ये मांडले. प्रत्यक्षात बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीने ढासळतात, काहींची मात्र एक जास्त तग धरते. म्हणून एमवाय या इंदूरच्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात ‘दर्द कहाँ है?’ला उत्तर आले नाही, तर ‘बाबा, कुठे दुखतंय?’ असे मुलीने विचारून पाहावे. शब्द गेले तरी पाठांतर पुष्कळदा राहते : आकडे, पाढे, रामरक्षा आणि शिव्याही. ज्याला पाणी मागता येत नाही तो ‘शुभं करोति’ सलग म्हणतो. मग पाहुण्यांना वाटते की सुधारणा आहे, किंवा आधीचे सगळे सोंग होते. दोन्ही खरे नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ यांचीही अदलाबदल होते, तेव्हा एकाच उत्तरावर विसंबू नये. वस्तू समोर धरून पुन्हा विचारावे.

पुढे काय हवे, काय नको, हे याच कारणाने लवकर विचारावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली : दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. सही करताना माणूस भानावर हवा, हीच अट या आजारात घात करते.

डोकेदुखी आणि उलट्या बहुधा गाठीभोवतालच्या सुजेने होतात. त्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एक-दोन दिवसांत गुण देते. गोळी सकाळी घ्यावी, रात्री घेतल्यास झोप उडते. तिने साखर वाढते, तोंड येते, मांड्यांतली ताकद जाऊन खाली बसलेल्याला उठता येत नाही. चेहरा गोल होतो, आणि भेटायला आलेल्या मावश्या ‘तब्येत सुधारली हो’ म्हणून जातात. काही आठवडे घेतलेली ही गोळी एकदम बंद करू नये.

फिट, म्हणजे इंदुरी बोलीत मिरगी, आली की कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. माणसाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही, तर डॉक्टरांनी आधी लिहून दिलेला मिडाझोलामचा फवारा नाकात मारावा आणि दवाखाना गाठावा.

अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकाची गोष्ट माळव्यात वेगळीच वाटते. एकोणिसाव्या शतकात इथली अफू इंदूरच्या पेढ्यांमार्फत मुंबईहून चीनला जाई; आजही मंदसौर-नीमच भागात परवान्याने अफूचे पीक घेतात आणि नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. तरीही १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळाने रुग्णाला गोळी मिळणे वर्षानुवर्षे कठीण होते. २०१४च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणे सोपे केले. सुजेच्या डोकेदुखीत स्टेरॉइडचा उपयोग अधिक. मॉर्फिन लागते ते इतर तीव्र दुखण्याला आणि अखेरच्या धापेला.

गिळणे बिघडले की पाणीच आधी ठसकवते. माणसाला ताठ बसवून घट्टसर पेज, मऊ खिचडी, दही द्यावे. पोह्यांचा हट्ट इंदुरी माणूस सोडत नाही. ते दुधात भिजवून मऊ करावेत, वरची शेव काढावी.

शेवटच्या आठवड्यांत झोप वाढत जाते. गोळ्या गिळता येईनाशा झाल्या तरी फिटचे औषध थांबवायचे नसते. ते नाकातून किंवा त्वचेखालून कसे द्यायचे हे आधीच ठरवून घरात लिहून ठेवावे. रात्री कोण जागणार, हेही. बहुतेक घरांत हे काम न विचारता सुनेकडे जाते, आणि तिची कंबर, तिची झोप यांची नोंद कुठल्याच केस पेपरवर होत नाही. माणूस गेल्यावर उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात ठेवू नयेत. मोजून, ज्या केंद्रातून आणल्या तिथे परत द्याव्यात.